चेस्की क्रुम्लोव: आई-बाबांना घेऊन एक दिवस पुरे की मुक्काम करावा?

सांगलीकर_म्युनिक

राम राम मंडळी,

जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून माझ्याकडे म्युनिकला येतायत. बाबा ७३, आई ६८, दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. प्रागच्या तीन रात्री ठरल्यात. ऑफिसातल्या एका चेक सहकाऱ्यानं दक्षिण चेकियातल्या चेस्की क्रुम्लोव या छोट्या गावाचं नाव काढलं. नकाशावर बघितलं तर व्ल्टावा नदीनं गावाला असा काही विळखा घातलाय की गाव बेट व्हायचं थोडक्यात राहिलंय. फोटो बघून आई लगेच तयार झाली.

अडचणी सांगतो. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. सपाटीवर तासभर आरामात चालतात, जिने मात्र नको म्हणतात. आई शाकाहारी आणि अंडंही चालत नाही. बाबांना राजवाड्यांचं कौतुक नाही ("राजेलोकांचे पलंग बघायला एवढ्या लांब कशाला?"), पण माणूस नाटकवेडा आहे. बँकेत नोकरी करता करता तीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांचं नेपथ्य केलंय. घरात अजून सेटच्या फ्लॅटच्या (रंगवलेल्या खोट्या भिंतींच्या) चौकटी पडल्यात, टाकू देत नाहीत.

आणि एक. आमच्या घरात २००५ ला पाणी शिरलं, २०१९ लाही शिरलं. त्यामुळे बाबांची एकच सूचना आहे: "नदीकाठचं हॉटेल घेऊ नकोस." आता या गावात नदीकाठ सोडून काय मिळणार, देव जाणे.

तर प्रागहून एका दिवसात जाऊन यावं, की तिथे राहावं? आणि परत म्युनिकला यायचा सोयीचा मार्ग कोणता? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भटक्या_जीव

राहायची गरज नाही. आम्ही मागच्या जुलैत प्रागहून ग्रुपबरोबर गेलो होतो. अकराला उतरलो, तीनला बस निघाली. चार तासांत गाव बघून होतं आणि उरतंही. किल्ला बाहेरून छान. पुलावर फोटो काढायला अक्षरशः रांग. अस्वलांच्या खंदकात अस्वलं आहेत म्हणतात, आम्हाला एकही दिसलं नाही, बहुतेक दुपारची झोप काढत असावीत. त्रदेल्निक (दांड्याला गुंडाळून भाजलेला गोड पाव) खाल्लं, फ्रिजवर लावायचं लोहचुंबक घेतलं, निघालो. गाव सुंदर आहे यात वाद नाही, पण सगळी दुकानं आणि हॉटेलंच. नाटकाच्या सेटवर फिरल्यासारखं वाटत राहतं. रात्र काढायचीच असेल तर प्रागमध्ये एक वाढवा.

वाईकरीण

सांगलीकर, मी वाईची. म्हणजे तुमच्याकडे पोचायच्या आधी कृष्णा आमच्या दारावरून जाते. त्या नात्यानं हक्कानं सांगते: एक रात्र राहाच, दोन राहिलात तर आणखी चांगलं.

गेली सात वर्षं आम्ही चेस्के बुद्येयोवित्सेला राहतो. (नवरा इथे किड्यांवर संशोधन करतो आणि मी नवऱ्यावर.) क्रुम्लोव इथून पंचवीस किलोमीटर. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथे फिरवून आणायचं खातं माझ्याकडे आहे, त्यामुळे पंधरा-सोळा फेऱ्या तरी झाल्या असतील. पहिल्या दोन-तीन वेळा माझंही मत भटक्या_जीव यांच्यासारखंच होतं. मग एकदा आमच्या जाऊबाईंचा पाय त्या दगडी रस्त्यावर मुरगळला, शेवटची बस गेली आणि नाइलाजानं मुक्काम पडला.

पाच-साडेपाचला मोठ्या बसगाड्या हलायला लागतात. साडेसहापर्यंत गावातला गलका असा ओसरतो की जत्रा उठल्यावर मैदान दिसावं तसं गाव दिसायला लागतं. दिवसभर जो आवाज ऐकूच आला नव्हता तो मग कानावर येतो, बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा. जाऊबाई पाय बादलीत बुडवून खिडकीत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, हे तर घाटावर बसल्यासारखं वाटतंय." जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. किल्ल्याची अंगणं रात्रीही उघडी असतात, तिकीट नाही. उतरत्या उजेडात, माणसं नसताना, तिथून खाली पाहिलं की लाल कौलांची घरं, मधोमध सेंट व्हीटस चर्चचा मनोरा आणि चहूबाजूंनी नदी असं सगळं एका नजरेत मावतं. दुपारी दोनला याच जागी मी लोकांच्या सेल्फी काठ्या चुकवत उभी असते.

नाटकाच्या सेटसारखं वाटतं हे खरं आहे, पण ते तसं का झालं हे कळल्यावर मला तरी त्या गावाबद्दल वेगळं वाटायला लागलं. गावाचं नाव मूळ जर्मन, 'क्रुमं आउअं', म्हणजे वाकडं कुरण, नदीच्या वळणातलं. १३०२ पासून तीनशे वर्षं इथे रोझम्बर्क घराण्याची सत्ता होती. पाच पाकळ्यांचा गुलाब जिथे-तिथे दिसेल, तो त्यांचा. त्यांच्यातला शेवटचा, पेत्र व्होक, कर्जात बुडाला आणि १६०२ मध्ये त्यानं गाव सम्राट रुडॉल्फ दुसरा याला विकून टाकलं. मग एगेनबर्ग आले, १७१९ ला श्वार्झेनबर्ग. लोक मात्र जर्मन बोलणारे आणि चेक बोलणारे असे मिसळून राहत होते, शेवटी शेवटी जर्मन कितीतरी जास्त.

१९११ मध्ये एगॉन शीले हा चित्रकार व्हिएन्ना सोडून इथे राहायला आला, कारण त्याची आई इथली. बरोबर लग्नाची नसलेली मैत्रीण, आणि बागेत उघड्या मुलींची चित्रं काढायचा. गावानं काही महिन्यांतच त्याला हुसकून लावलं. त्यानं वरून काढलेली या गावाची चित्रं बघा: घरंच घरं, काळसर नदी, चिटपाखरू नाही. 'मेलेलं शहर' म्हणायचा तो. आता त्याच गावात त्याच्या नावाचं कलादालन आहे, शिरोका गल्लीतल्या जुन्या बिअरच्या कारखान्यात. हुसकून लावलेल्या माणसाच्या नावाचे मग आणि पिशव्या विकून गाव पैसे कमावतंय, आपल्याकडेही हे काही नवीन नाही.

आणि शहर रिकामं झालं ते खरोखरच, पस्तीस वर्षांनी. १९३८ मध्ये हिटलरनं हा भाग जर्मनीला जोडला. १९४५ ला युद्ध संपलं आणि पुढच्या वर्षभरात इथल्या जर्मन रहिवाशांना देशाबाहेर काढलं. पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं हातातल्या सामानानिशी गेली. आधीच्या सहा-सात वर्षांत चेक आणि ज्यू लोकांवर काय वेळ आली होती तेही विसरून चालत नाही. १९०९ मध्ये बांधलेलं सिनेगॉग उभं आहे, प्रार्थनेला येणारी माणसं परतली नाहीत. नंतर कम्युनिस्ट राजवटीत घरांचे पोपडे उडाले, छपरं गळायला लागली, पण नवीन बांधायला पैसा नव्हता म्हणून जुनं पाडलंही गेलं नाही. आज जे 'जसंच्या तसं' दिसतं त्यातलं बरंचसं गरिबीनं राखलेलं आहे. १९९२ ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं आणि मग उलटा लोंढा सुरू झाला. मधल्या घरांची पेन्शनं झाली (इथे छोट्या लॉजला पेन्शन म्हणतात, बाबांना सांगा, त्यांच्या पेन्शनशी संबंध नाही), आणि राहणारी माणसं परत बाहेर गेली.

२०१८ मध्ये कातेर्झिना शेदा नावाच्या कलाकारानं काय केलं, तर काही कुटुंबांना पैसे देऊन गावाच्या मधल्या भागात राहायला आणलं. काम काय? नेहमीसारखं जगायचं. कपडे वाळत घालायचे, झाडलोट करायची, बाकावर बसून गप्पा मारायच्या. व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात चेक दालनात हाच प्रकल्प होता. मी तेव्हा इथे नव्हते, पण आमच्या शेजारीण आजी अजून चिडून सांगतात: "धुणं वाळत घालायचे पैसे! मी साठ वर्षं फुकट घातलं."

आता तुमच्या बाबांसाठी. पलंग बघू नका. किल्ल्यात एक नाटकगृह आहे, फक्त त्यासाठी जा. एगेनबर्गांनी ते १६८० च्या सुमारास बांधलं आणि आजचं रूप १७६६ सालचं. रंगमंच, पडदे, पाखे (मंचाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले रंगवलेले पडदे), पोशाख, दिवे, यंत्रं, सगळं त्या काळातलं. मंचाखाली लाकडी रहाट आणि दोर आहेत. माणसं एका लयीत ती फिरवतात आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, पडदा न पाडता, अरण्याचा राजवाडा होतो. वाऱ्याचा, पावसाचा, गडगडाटाचा आवाज काढायची लाकडी यंत्रं वेगळीच. युरोपात इतकं शाबूत दुसरं म्हणजे स्वीडनमधलं ड्रॉटनिंगहोमचं, तेही १७६६ चंच. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिला खेळ लावला १८४३ ला, म्हणजे त्याच्या सत्त्याहत्तर वर्षं आधीचा हा रंगमंच. बाबांना एवढंच वाक्य सांगा, गुडघ्याचं ते बघून घेतील.

पण तिकीट आधी काढा. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, इंग्रजीतल्या फेऱ्या कमी असतात, आणि सोमवारी बंद. आत फोटो काढू देत नाहीत. लाकूड आणि कापड जपायचं म्हणून १९६६ पासून एकतीस वर्षं ते बंदच होतं, त्यामुळे ही कडक शिस्त मला पटते.

सांगलीकर_म्युनिक

वाईकरीण ताई, काय लिहिलंय! बाबांना फोनवर वाचून दाखवलं. तिकडून दहा सेकंद शांतता, मग, "दोर कशाचे आहेत? ताग की सुती?" म्हणजे मुक्काम पक्का. दोन रात्री.

आता प्रश्न गुडघ्याचा आणि आईच्या जेवणाचा. शिवाय नदीकाठचं काय?

वाईकरीण

दोर कशाचे ते मला ठाऊक नाही हो, बाबांनीच विचारावं.

गुडघा: बसनं आलात तर शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊ नका, आधीच्या श्पिचाक थांब्यावर उतरा. तिथून बुद्येयोवित्सेची वेस (नऊ वेशींतली उरलेली एकुलती एक) आणि पुढे लात्रान नावाची गल्ली, मग किल्ल्याचा लाल दरवाजा. आतली चढण फरसबंदी उताराची आहे, मधल्या अंगणातून वर जाणारा बोगद्यासारखा रस्ता चांगलाच खडा आहे, पण मुख्य वाटेवर जिने नाहीत. हळूहळू, थांबत थांबत जायचं. मनोऱ्याला १६२ पायऱ्या आहेत, तो तुम्ही एकट्यानं चढा आणि वरून हात हलवा. चाकांची बॅग त्या दगडांवरून ओढणं म्हणजे शिक्षा. पाठीवरच्या पिशव्या आणा किंवा लॉजवाल्याला आधी विचारून गाडी कुठपर्यंत येते ते ठरवा. चपला नकोत, दोघांनाही पक्के तळ असलेले बूट. जाऊबाईंचा पाय चपलेतच मुरगळला होता.

रेल्वेचं स्टेशन गावाबाहेर, वर टेकाडावर आहे. उतरताना बरं वाटतं, परतताना जीव जातो. प्रागहून बस बरी, 'ना क्निझेत्सी' स्थानकावरून, साधारण तीन तास.

म्युनिकला परत जाताना प्रागकडे उलटं जाऊच नका. क्रुम्लोवहून ऑस्ट्रियातल्या लिंझला छोट्या सामायिक गाड्या जातात, दीड तासाच्या आत पोचवतात आणि हॉटेलच्या जवळून घेतात. लिंझहून म्युनिकला रेल्वे. (अवांतर: बुद्येयोवित्से ते लिंझ १८३२ मध्ये घोड्यांनी ओढायची रेल्वे सुरू झाली होती, मीठ आणायला. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या अगदी सुरुवातीच्या रेल्वेंपैकी ती एक.)

जेवण: इथे खरं सांगायचं तर तुमच्या आईंची पंचाईत आहे. मेनूत 'बेझमासा यीड्ला' असा भाग शोधा, म्हणजे बिनमांसाचे पदार्थ. ('मासो' म्हणजे मांस, आपल्या 'मांसा'चाच लांबचा भाऊ. मासा नव्हे! पहिल्या वर्षी मी 'मासो नको' म्हणताना मासे नाकारतेय असं मलाच वाटायचं.) पण त्यातलं तळलेलं चीज अंड्यात बुडवलेलं असतं. ब्रांबोराक म्हणजे बटाट्याचा कीस, लसूण आणि मार्जोरम घालून लावलेलं जाडसर धिरडं, चव थेट आपल्या घरची, पण तेही अंड्याशिवाय क्वचितच करतात. कुलाय्दा हे इकडचं खास सूप, आळंबी, साय, शेपू आणि वर अर्धवट शिजलेलं अंडं. सूपांचं पाणी बहुतेकदा हाडांचं असतं.

मग काय खायचं? 'चोच्का ना किसेलो' मिळालं तर घ्या: आंबट मसूर, कांदा घातलेला. वर ठेवलेलं अंडं आणि सॉसेज 'बेस वायेत्स, बेस मासा' म्हणून आधीच काढायला लावा. तूप-जिऱ्याची फोडणी नाही एवढंच, बाकी आमटीच. उकडलेले बटाटे, लोणी, कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली हे कुठेही मिळतं. पिझ्झाची दुकानं आहेत. पण सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे स्वयंपाकाचा ओटा असलेली खोली घ्या, दुकानातून दही आणि भाजी आणा, बाकी आईंच्या बॅगेत मेतकूट असणारच. बाबा मासे खात असतील तर ट्राउट किंवा कार्प मागवा. कार्प म्हणजे इथला शान का माल, त्रेबोन्यच्या शेकडो वर्षांच्या तळ्यांतला.

त्रदेल्निक खा, गोड आहे, आवडेल. फक्त 'पारंपरिक चेक पदार्थ' ही पाटी मनावर घेऊ नका. माझ्या चेक मैत्रिणींच्या लहानपणी ते कुठेच नव्हतं.

जूनमधल्या गुलाब उत्सवाच्या तारखा बघून घ्या. त्या तीन दिवसांत अख्खं गाव मध्ययुगीन कपड्यांत असतं. मजा येते, पण खोली मिळत नाही आणि मिळाली तर भाव ऐकून बाबा सांगलीला परततील.

नदीकाठाचं: २००२ च्या ऑगस्टमध्ये इथेही पूर आला होता, गावाचा खालचा भाग पाण्यात. वर होर्नी गल्लीच्या बाजूला खोली घ्या, उंचावर आहे. जवळच्या संग्रहालयाशेजारून किल्ल्याचं दृश्यही तिथूनच सगळ्यात चांगलं.

वल्हेकरी

नदीचा विषय निघालाय तर दोन शब्द. गावात बघायचं ते ताईंनी सांगितलंच, पण चेक लोक क्रुम्लोवला मुळात किल्ला बघायला येत नाहीत, ते होडी घेऊन येतात. मी प्रागमध्ये असताना ऑफिसच्या टोळक्याबरोबर विश्शी ब्रोदपासून क्रुम्लोवपर्यंत दोन दिवसांत वल्हवत आलो होतो. कपडे आणि भाकरतुकडा झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, पिंप होडीला बांधलेलं. वाटेत रोझम्बर्कचा किल्ला, काठावर टपऱ्या, आणि समोरून किंवा मागून येणारी प्रत्येक होडी "आहोय!" म्हणून हाक मारते. देशाला समुद्राचा थेंब नाही आणि बोलणं खलाशांचं.

वर लिप्नोचं धरण आहे, क्षेत्रफळानं देशातला सगळ्यात मोठा जलाशय. त्याच्यामुळे उन्हाळ्यातही नदीला वल्हवण्यापुरतं पाणी राहतं. क्रुम्लोवमध्ये शिरलं की एकामागून एक बंधारे, प्रत्येकाला होडीसाठी घसरगुंडीसारखी वाट ठेवलेली. काठावर बिअरचे ग्लास घेऊन लोक ओळीनं बसलेले असतात, तुम्ही उलटायची वाट बघत. आम्ही दुसऱ्या बंधाऱ्यावर उलटलो. टाळ्या पडल्या. आयुष्यात एवढ्या टाळ्या मला शाळेच्या गॅदरिंगलाही मिळाल्या नव्हत्या.

आई-बाबांना होडीत घालू नका, पण गावात लाकडी तराफ्यांची सैर असते, बाकांवर बसून. चढण्या-उतरण्याची जागा आधी बघून घ्या. नाहीतर सरळ लाझेब्नित्स्की पुलाजवळ संध्याकाळी बसा आणि उलटणाऱ्यांना टाळ्या द्या. तेही काही कमी नाही.

निशाचर

अवांतर, पण बाबांना नाटकाचा नाद म्हणून: किल्ल्यात पांढऱ्या बाईचं भूत आहे म्हणतात. पेर्ख्ता रोझम्बर्क, पंधराव्या शतकातली. हातमोजे पांढरे असतील तर शुभ, काळे असतील तर घरात मयत. भुताचं सोडा, बाई खरी होती. १४४९ मध्ये लिख्तेनश्टाइन घराण्यात दिलं, आणि नवरा, सासू कसे छळतात, खायला कसं धड देत नाहीत, हे तिनं वडिलांना आणि भावांना लिहिलेली पत्रं आजही जपलेली आहेत. दंतकथा अशी की नवऱ्यानं मरताना क्षमा मागितली, हिनं दिली नाही, त्यानं शाप दिला. म्हणजे छळ त्यानं करायचा आणि भूत हिनं व्हायचं. सासुरवासाची ओवी इथून तिथून सारखीच.

सांगलीकर_म्युनिक

मंडळी, जाऊन आलो, परवाच परतलो. धागा वर काढतोय कारण तुमचं ऋण आहे.

खोली होर्नी गल्लीतच घेतली. बाबांनी पोचल्या पोचल्या खिडकीतून नदीकडे पाहिलं, मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "इथपर्यंत नाही येणार." मग बूट काढले.

नाटकगृह: गुडघ्याचं नाव निघालं नाही. मार्गदर्शक मुलगी यंत्रांविषयी सांगत होती आणि मी बाबांच्या कानात मराठी करत होतो. मधेच त्यांनी मला थांबवलं, "कळतंय मला." पाख्यांच्या रांगा मागे मागे लहान होत जातात, त्यामुळे दहा पावलांचा मंच शंभर पावलांचा वाटतो. ते बघत बाबा शेवटपर्यंत उभेच होते, बाक असून. दोर कशाचे हा प्रश्न मी भाषांतर करून विचारला. ती म्हणाली, आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, ज्येष्ठांना विचारून सांगते. बाहेर आल्यावर तिनं खरंच फोन लावला, पण उचलला गेला नाही. बाबांनी रात्री सांगलीला त्यांच्या जुन्या मेकअपवाल्या मित्राला फोन करून पाऊण तास सगळं सांगितलं. बिल माझं.

दुसऱ्या संध्याकाळी नदीकाठच्या एका खानावळीत बसलो. उलटणाऱ्या दोन होड्यांना आईनं टाळ्या दिल्या, तिसऱ्यांदा "अगं बाई" म्हणून उठून उभी राहिली. वाढणारा माणूस साठीचा, इंग्रजी येत नव्हतं. बाबांनी नदीकडे बोट दाखवलं, मग भिंतीकडे, आणि हात वर-खाली केला. त्याला लगेच कळलं. तो म्हणाला "द्वा तिसीत्से द्वा" आणि स्वतःच्या छातीवर आडवा हात धरला. बाबांनी मान हलवली, खुर्चीवरून उठले आणि हात डोक्याच्या वर वीतभर नेला. त्यानं शीळ घातली, आत गेला आणि दोन छोटे ग्लास घेऊन आला. आईनं काही न बघितल्यासारखं केलं.

आंबट मसूर मिळाला, अंडं-सॉसेज काढून. आईचं मत: "चांगली आहे, पण हिंग विसरलेत." लिंझमार्गे परतलो, अगदी सोयीचं.

एक गोंधळ झाला. आईनं सांगलीहून आणलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी पेन्शनच्या फ्रिजमध्येच राहिली. कालपासून तोच विषय चाललाय घरात.

वाईकरीण

कुठलं पेन्शन ते मला निरोपात कळवा. शनिवारी पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन जायचंच आहे. बरणी परत मिळेल, लोणच्याची खात्री देत नाही.